हत्तीने पाठ फिरवली तेव्हा : १८७६ चा कोरडा आश्विन आणि शहाडवरून गेलेले धान्य

दुष्काळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वैशाखातले भेगाळलेले शेत उभे राहते. पाठ्यपुस्तकांतील चित्रेही बहुधा तीच असतात. परंतु महाराष्ट्रातील मोठ्या दुष्काळांचा प्रारंभ शोधू लागलो की बोट वैशाखावर थांबत नाही. ते मागे सरकत भाद्रपद-आश्विनापाशी येते. उन्हाळ्यात दुष्काळ दिसतो, पण तो ठरलेला असतो शरद ऋतूत, आकाश निळेभोर आणि हवा प्रसन्न असताना. आजचा धागा अशाच एका प्रसन्न, कोरड्या शरदाविषयी आहे.

मी शहाडला राहते. कल्याणहून निघालेली कसारा लोकल शहाड सोडून उल्हास नदी ओलांडते आणि टिटवाळ्यापुढे अजूनही भाताची खाचरे दिसू लागतात. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात खिडकीतून नीट पाहिल्यास एकाच शिवारात दोन रंग आढळतात. उंचावरची खाचरे पिवळी झालेली असतात, खोलगटातली हिरवी. वरची पिवळी म्हणजे लवकर तयार होणारे हळवे भात. खालची हिरवी म्हणजे गरवे, ज्याची कापणी त्यानंतर कित्येक दिवसांनी होते. मधल्या मुदतीचे ते निमगरवे. ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. पाऊस लवकर गेला तर हळवे हाती लागते. शेवटपर्यंत टिकला तर गरवे भरघोस येते. मात्र पोटरीत आलेल्या गरव्या भाताला हस्ताच्या पावसाची गरज असते. सूर्य हस्त नक्षत्रात असतो तो साधारण २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर. भोंडल्यात मुली पाटावर ज्याचे चित्र काढून फेर धरतात तो हत्ती म्हणजे हाच हस्त. हत्ती बरसला नाही तर लोंबी निसवते, पण दाणा भरत नाही. शेत दुरून हिरवे दिसते आणि मळणीला पोचट निघते.

असे असले तरी शहाड-कल्याणच्या परिसरात कोरडा आश्विन हा निव्वळ शत्रू नव्हे. भात कापून वाळत घालायचे तर ऊन हवेच. ठाणे जिल्ह्याचे दुसरे मोठे पीक म्हणजे गवत. त्यालाही ऊन हवे. मुंबईतल्या तबेल्यांना आणि घोड्यांना लागणाऱ्या गवताचा मोठा वाटा या जिल्ह्यातून जात असे. दसऱ्याच्या आगेमागे कापलेल्या गवतावर पाऊस पडला की ते काळे पडते, कुजते आणि जनावर त्याला तोंड लावत नाही. त्यामुळे कोकणातला शेतकरी आश्विनात एका खाचरासाठी पाऊस मागतो आणि शेजारच्या माळासाठी ऊन. दोन्ही मागण्या रास्तच!

आता घाट चढून वर जाऊ. सोलापूरला वर्षाकाठी सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला सर्वांत ओला महिना जुलै नव्हे, सप्टेंबर आहे. तिथल्या काळ्या जमिनीत मुख्य पीक रब्बीच्या ज्वारीचे, म्हणजे शाळूचे. भाद्रपद-आश्विनाच्या पावसाने जमीन खोलवर भिजायची, त्या ओलीवर पेरणी व्हायची, आणि पुढे एखादी सरही न पडता केवळ मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर पीक माघापर्यंत तयार व्हायचे. ही अतिशय कौशल्याची शेती आहे. पण तिचा सारा डोलारा एका महिन्याच्या पावसावर उभा आहे. तो महिना कोरडा गेला की पीक करपत नाही, कारण पेरणीच होत नाही. कणीस नाही आणि कडबाही नाही. पुढचा कडबा मिळायचा तो थेट त्यापुढच्या वर्षीच्या पिकातून. म्हणजे एका कोरड्या शरदाची किंमत जनावराने वर्षभराहून अधिक काळ मोजायची.

१८७६ मध्ये नेमके हेच घडले. दख्खनमध्ये आधीचा पाऊस तुटक झाला होता, आणि ज्यावर सर्वांची भिस्त होती त्या सप्टेंबर-ऑक्टोबरने दगा दिला. पुणे, सोलापूर, सातारा, अहमदनगर, विजापूरचा प्रदेश ज्यात मोडे तो कलादगी जिल्हा, बेळगाव, धारवाड हा पट्टा कोरडा राहिला. दक्षिणेत मद्रास इलाखा आणि म्हैसूरची स्थिती त्याहून भीषण होती. १८७७ चा मोसमही उशिरा आणि अडखळत आला. १८७२ आणि १८८१ च्या खानेसुमाऱ्या शेजारी ठेवल्या तर कलादगी जिल्ह्याची लोकसंख्या पाचव्या हिश्श्याहून अधिक घटलेली दिसते. त्यातले सारेच मेले नाहीत, पुष्कळ परागंदा झाले. पण आकडा पाहून क्षणभर थांबावे लागते.

शहाडचा या कथेशी संबंध समजण्यासाठी त्या काळचा रेल्वेचा नकाशा पाहावा लागतो. कल्याणला मुंबईहून गाडी आली १८५४ मध्ये. तिथून लोहमार्गाला दोन फाटे फुटले : एक बोरघाटाने पुणे-सोलापूरकडे, आणि दुसरा आजच्या शहाडवरून थळघाटाने नाशिक-मनमाड-भुसावळकडे. भुसावळपुढे तो एकीकडे नागपूरला, दुसरीकडे जबलपूरला पोहोचत होता. आता अडचण अशी की १८७६ साली घाटावर या दोन फाट्यांना जोडणारा रूळच नव्हता. दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला १८७८ मध्ये. तोपर्यंत मध्य प्रांतातील धान्य रेल्वेने सोलापूरला न्यायचे तर ते पठारावरून थळघाटाने खाली उतरायचे, शहाडवरून कल्याणला यायचे आणि पुन्हा बोरघाट चढून वर जायचे. सह्याद्री दोनदा ओलांडायचा, तोही केवळ मधल्या काही कोसांचा रूळ नाही म्हणून. ज्या रुळांवरून मी रोज जाते त्यांवरून त्या हिवाळ्यात धान्याची पोती उलट्या वाटेने घाटाखाली येत होती, ही गोष्ट मला नकाशावर बोट फिरवताना उमगली. ती तशी कोणाच्या लक्षात येत नाही, कारण आजच्या नकाशात दौंड-मनमाड असतो.

तर धान्य हलले. ते महाग झाले, व्यापाऱ्यांनी साठवले, ज्यांच्या हाती पैसा नव्हता त्यांच्यापर्यंत ते पोहोचले नाही. हे सर्व खरे. तरी पोते गाडीत चढले. वैरण मात्र चढली नाही. का, ते साध्या हिशेबाने पाहा. शंभर किलो ज्वारी एका माणसाला, रोज साडेचारशे ग्रॅम धरली तर, सात महिन्यांहून अधिक पुरते. बैलाला दिवसाला सहा-सात किलो कोरडी वैरण लागते, म्हणजे शंभर किलो कडबा त्याला जेमतेम पंधरवडा पुरणार. शिवाय सुटा कडबा वजनाला हलका आणि जागेला प्रचंड. डबा भरतो, वजन भरत नाही आणि भाडे मात्र डब्याचे. ठाण्याच्या माळांवर त्या कोरड्या आश्विनात वाळलेले गवत असले तरी त्याचा जवळचा गिऱ्हाईक मुंबई होती. सोलापूरचा कुणबी नव्हे.

म्हणून माणसांसाठी धान्य आले आणि जनावरांना स्वतः चालत जावे लागले. गुरांचे कळप सह्याद्रीच्या कुशीतल्या कुरणांकडे निघाले. जाताना वाटेतच कित्येक बसली, ती उठली नाहीत. जी पोहोचली त्यांच्यापुढे दुसरे संकट होते : अतिवृष्टीच्या प्रदेशातले गवत भरभर वाढते, निबर होते आणि वाळल्यावर त्यात सत्त्व थोडेच उरते. कडब्यावर पोसलेल्या जनावराला ते पुरे पडत नाही. जे शेतकरी गेले नाहीत त्यांनी घराच्या छपराचे गवत उपसून गुरांना घातले, आणि तेही संपल्यावर बैल मिळेल त्या किमतीला बाजारात नेला. सगळेच विकायला आले की किमतीला तळ राहत नाही.

या ठिकाणी सरकारी मदतीच्या रचनेतला दोष उघड होतो. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय होते आणि दुष्काळाच्या पाहणीसाठी त्यांनी सर रिचर्ड टेंपल यांना धाडले होते. हेच टेंपल १८७७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले. मदतकामावरील पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा, असे त्यांचे कुप्रसिद्ध प्रमाण. याविरुद्ध मजुरांनी कामे सोडली, पुणे सार्वजनिक सभेने सरकारकडे तक्रारी धाडल्या, गावोगावची माहिती गोळा करून छापली. सभेचे हे काम आपल्याकडे पुरेसे वाचले जात नाही, असे माझे मत आहे. हा वाद आपण आजवर माणसाच्या पोटाचा म्हणून वाचतो आणि ते योग्यच. परंतु त्याच मजुरीत एक बैलजोडीही बसवायची होती, हे मात्र निसटते. कामावर जायचे तर गुरे कोणाकडे सोडायची? गुरांपाशी थांबायचे तर खायचे काय? ज्याच्याकडे जनावर होते तो शेवटच्या क्षणापर्यंत मदतकामाकडे फिरकत नसे. आणि फिरकला तेव्हा त्याच्यापाशी ना जनावर उरलेले असे, ना अंगात ताकद.

पुढे पाऊस आला. पण नांगराला जुंपायला बैल नाही, मोटेला नाही, शेणखत नाही. बैल घ्यायचा तर सावकार. लक्षात घ्या, सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या त्या मे १८७५ मध्ये, म्हणजे या कोरड्या शरदाच्या जेमतेम दीड वर्ष आधी. दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला १८७९ मध्ये. या दोन तारखांच्या मध्ये मेलेल्या बैलांची जागा भरून काढण्यासाठी किती नवी खते लिहिली गेली असतील, याचा अभ्यास कोणीतरी करायला हवा.

१८७८ मध्ये भारतीय वन कायदाही आला. राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या आणि जिथे गुरे चरत होती तिथे परवाना आणि दंड आला. ठाणे जिल्ह्यात यावरून असंतोष इतका वाढला की सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. महात्मा फुल्यांनी दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांसाठी पुण्याजवळ धनकवडीला अन्नछत्र चालवले होते. त्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे सांगताना चराऊ राने हिरावली गेल्याची आणि गुरे घटल्याची तक्रार ठळकपणे येते. १८७६-७७ डोळ्यांपुढे ठेवून तो भाग पुन्हा वाचावा.

जगाकडेही एकदा पाहू. १८७७-७८ चा एल निनो हा नोंदींतील अत्यंत तीव्र एल निनोंपैकी एक मानला जातो. याच सुमारास उत्तर चीनमध्ये आणि ब्राझीलच्या ईशान्येत महाभयंकर दुष्काळ पडले. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले होते, म्हणजे अवघ्या वर्षापूर्वी. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी पुढे हिमालयातील बर्फ आणि मोसमी पाऊस यांचा संबंध जोडून अंदाज देण्याचा प्रयत्न केला. दख्खनवरचे ते निळे आकाश प्रशांत महासागराशी बांधलेले होते, हे कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

चाऱ्याचा प्रश्न सरकारी कागदांत ठळकपणे यायलाही वेळ लागला. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या. १८९९-१९०० च्या दुष्काळात, जेव्हा गुजरातेत गुरांचा अक्षरशः संहार झाला, तेव्हा मुंबई इलाख्यात वनखात्याने गवत कापून, दाबून, गासड्या बांधून रेल्वेने धाडण्याची मोहीम काढली. वैरण अखेर गाडीत चढली, पण तेवीस वर्षांनी. १९७२-७३ आणि नंतरच्या दुष्काळांत गावोगाव दिसलेल्या चारा छावण्या त्याच ओळीतल्या.

घाटावरच्या वाचकांना एक विनंती आहे. घरात कोणी वडीलधारे असतील तर त्यांना बहात्तरच्या दुष्काळात धान्य कुठून आले हे विचारू नका, ते सगळे सांगतात. वैरण कुठून आली आणि कोणता बैल विकावा लागला, ते विचारा. बैलाचे नाव आठवत असेल तर तेही खाली लिहा.