रात्रशाळेपर्यंत पोचणारं नाटक

मराठी नाटकाचा इतिहास म्हटला की आपण १८४३ च्या सांगलीपासून सुरुवात करतो. विष्णुदास भावे, 'सीता स्वयंवर', राजाश्रय वगैरे. ते बरोबरच आहे. पण त्यानंतर बाराच वर्षांनी पुण्यात लिहिलेल्या एका नाटकाबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं. 'तृतीय रत्न', लेखक जोतीराव फुले, साल १८५५.

तेव्हा जोतीराव अठ्ठावीस वर्षांचे होते. १८४८ ची मुलींची शाळा आपल्याला पाठ असते. १८५२ मध्ये त्यांनी वेताळ पेठेत महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढली. सावित्रीबाई शिकवत होत्या, सदाशिव बल्लाळ गोवंड्यांसारखे मित्र पाठीशी होते. या मंडळींनी रीतसर संस्था उभी केली. पुढे दिवसभर राबणाऱ्या मोठ्या माणसांसाठी रात्रशाळाही सुरू झाली.

आता अडचण बघा. मुलांना शाळेत आणता येतं, पण शेतात खपून आलेल्या कुणब्याला रात्री पाटी का धरायची हे कसं पटवणार? पुस्तक लिहावं तर त्याला वाचता येत नाही! नाटक मात्र डोळ्यांनी बघता येतं, कानांनी ऐकता येतं.

गोष्ट साधीच आहे. गरोदर कुणबीण आणि तिचा नवरा. जोशीबुवा येतात, ग्रहांची भीती घालतात, अनुष्ठान आणि भोजन करायला लावतात. घर कर्जात जातं. मधेमधे विदूषक येऊन टोमणे मारतो, एक पाद्रीही वाद घालतो. शेवटी नवरा-बायको दोघंही फुल्यांच्या रात्रशाळेत जायचं ठरवतात. मला हे 'दोघंही' फार महत्त्वाचं वाटतं. १८५५ साली!

हे नाटक त्यांनी दक्षिणा प्राइज कमिटीला दिलं. पेशवाईत ब्राह्मणांना मिळणाऱ्या दक्षिणेच्या पैशातूनच इंग्रजांनी मराठी ग्रंथांना बक्षिसं सुरू केली होती. त्या पैशातून या नाटकाला मदत मिळणं कठीणच होतं. कमिटीतल्या भटांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं जोतीरावांनीच पुढे 'गुलामगिरी'त (१८७३) नोंदवलं आहे. नाटक छापून आलं ते थेट १९७९ मध्ये. म्हणजे सव्वाशे वर्षांनी!

मग काम फुकट गेलं का? मला तसं वाटत नाही. त्याच १८५५ मध्ये त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध 'ज्ञानोदय'ने छापला. जे दुःख आजवर दुसरे सांगत होते, ते आता शिकलेली मुलगी स्वतः लिहीत होती. पुढे सत्यशोधकांचे जलसे तमाशाचा बाज घेऊन गावोगाव हिंडले, आणि त्यानंतर आंबेडकरी जलसे.

शाळा आणि कला यांना आपण वेगवेगळ्या कप्प्यांत टाकतो. गॅदरिंगला नाटक, वर्गात अभ्यास. जोतीरावांना ती चैन परवडणारी नव्हती. ज्यांना अक्षर नाकारलं होतं, त्यांच्याशी बोलायचं तर सोंगातूनच सुरुवात करावी लागणार होती.

भिडेवाड्याची जुनी वास्तू राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडली. स्मारक होईल तेव्हा तिथे या नाटकाचा एखादा प्रयोग व्हावा, एवढंच वाटतं. शक्यतो रात्रीचा.