प्रिया स्कूटर : भरवशाचे नाव आणि मालकाची किक

प्रिया ही टू-स्ट्रोक स्कूटर साताऱ्यातील महाराष्ट्र स्कूटर्स या कंपनीत तयार होई. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी 1975 साली ही कंपनी स्थापन केली. रचना व्हेस्पाच्या घराण्यातली. परवाना पद्धतीमुळे उत्पादनावर मर्यादा होती, त्यामुळे शेजारच्या सांगलीतल्या गिऱ्हाइकालाही नंबर लावून थांबावे लागे.

बजाजच्या स्कूटरींना भरवशाच्या म्हणून नाव होते. मालकाची सकाळ मात्र वेगळी असे. स्कूटर एका बाजूला कलंडवायची, सरळ करायची, मग किक. तरीही चालू झाली नाही तर प्लग काढून घासायचा. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागत असल्याने प्लगवर काजळी धरे. डिकीत जादा प्लग आणि पाना असलेला बरा.

मग भरवसा कसला? गाडी बंद पडणार नाही याचा नव्हे, बंद पडली तरी गावातला मेकॅनिक थोडक्यात चालू करून देईल याचा. सुटे भाग सहज मिळत, स्टेपनी सोबतच असे. शिवाय तुलनेला दुसरे फारसे नव्हते, आणि इतकी वाट पाहून मिळालेल्या वस्तूला नावे ठेवणेही अवघडच. 1980 च्या दशकात बटणावर सुरू होणारी कायनेटिक होंडा आली, तेव्हा कुठे हे कलंडवणे खटकू लागले.