खानदेशातील हाटाचे खाणे व त्याची नावे

खानदेशच्या इतिहासाविषयी जे लेखन झाले आहे, त्यात राजवटी, लढाया, जमीनमहसूल व कापसाचा व्यापार यांना योग्य ते स्थान मिळालेले आहे. वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले, आणि जुन्या कागदपत्रांचा संग्रह करण्याची परंपरा या भागात रुजली. तथापि जळगावच्या बाजारात दिवसभर हमाली करणाऱ्या मनुष्याने दुपारी काय विकत घेऊन खाल्ले, हे कोणत्याही दप्तरात सापडत नाही. आण्या-दोन आण्यांच्या खाण्याची पावती कोणी करीत नाही, आणि जे पोटात गेले ते जपून ठेवता येत नाही. मागे राहतो तो केवळ शब्द. यास्तव रस्त्यावरील स्वस्त खाण्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास पदार्थांच्या नावांकडेच साधन म्हणून वळावे लागते. प्रस्तुत टिपणात जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांतील अशा काही नावांचा विचार केला आहे.

प्रथम या प्रदेशाच्या मार्गांचा विचार केला पाहिजे, कारण विकतचे खाणे हे मुख्यतः वाटसरूचे व मजुराचे खाणे होय. घरापासून एका दिवसाच्या आत परतणारा शेतकरी शिदोरी बांधून नेतो. त्याहून दूर जाणाऱ्यास विकत घ्यावे लागते. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरतेहून नागपूरकडे जाणारा रस्ता हे दोन्ही धुळ्यास एकमेकांस छेदतात. १८६० नंतरच्या दशकात जी. आय. पी. रेल्वे तापीच्या खोऱ्यातून पुढे गेली. भुसावळ हे मोठे जंक्शन झाले. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला व १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई व कलकत्ता ही शहरे जोडली गेली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, कापसास जो भाव आला, त्याचा लाभ या भागासही झाला. १९०० च्या सुमारास चाळीसगाव-धुळे हा फाटा आणि सुरतेकडून येणारा ताप्ती व्हॅली रेल्वेचा मार्ग सुरू झाला. १९०६ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग पडले, तोपर्यंत कापडगिरण्या, जिनिंगचे कारखाने व स्थानके यांच्या भोवती रोख मजुरीवर जगणारा एक नवा वर्ग उभा राहिला होता. या वर्गाच्या हाती दुपारी काही पैसे असत, पण चूल नसे. हाटाचे खाणे वाढले ते याच्या आधारावर.

हे खाणे बहुतांशी तळलेले किंवा भाजलेले का असते, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. ते टिकते व स्वस्त पडते, हे एक कारण झाले. दुसरे कारण सामाजिक आहे. पाण्यात शिजविलेले अन्न कोणाच्या हातचे खावे याविषयी जातिनिर्बंध कडक होते. तेलात किंवा तुपात तळलेल्या आणि कोरड्या भाजलेल्या पदार्थांना ते पुष्कळ सैल असत. शिवाय भजी, फुटाणे, मुरमुरे हे पानावर किंवा कागदाच्या पुडीत देता येतात. त्यांस ताट लागत नाही, आणि ताट नसले की ते कोणाचे हा प्रश्नही उरत नाही. तरी या सैलपणाची थोरवी फार वाढवून सांगू नये. रेल्वेच्या स्थानकांवर हिंदूंचे पाणी व मुसलमानांचे पाणी वेगळे होते. आणि १९२९ मध्ये धुळ्याहून परतताना चाळीसगाव येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना टांग्यात बसवून नेण्यास एकही टांगेवाला तयार झाला नाही, ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. रस्ता होता, म्हणून तो सर्वांना सारखा खुला होता असे नव्हे. पुडीतला कोरडा पदार्थ हा त्या बंद समाजातील एक अरुंद फट होती, इतकेच म्हणता येईल.

या पुडीतील पदार्थांचे खानदेशातील सर्वांत बोलके नाव म्हणजे 'भत्ता'. मुरमुरे, शेव, फुटाणे यांचे तिखट मिश्रण, सोबत कांदा व हिरवी मिरची, याला या भागात व नाशिककडे भत्ता म्हणतात. 'भेळभत्ता' असा जोडशब्दही रूढ आहे. मराठीत भत्ता या शब्दाचा दुसरा अर्थ सर्वांस ठाऊक आहे : पगाराव्यतिरिक्त खर्चासाठी मिळणारी रक्कम. संस्कृत 'भक्त' म्हणजे वाटून दिलेला भाग, आणि त्यावरून अन्न. प्राकृतात त्याचे 'भत्त' झाले, आणि त्यापासून आपला 'भात' आला. मराठीच्या नियमाप्रमाणे जोडव्यंजन सुटून पूर्वीचा स्वर दीर्घ होतो, तो 'भात' या रूपात झालेला दिसतो, 'भत्ता' या रूपात तो दिसत नाही. म्हणून 'भत्ता' हे रूप मराठीच्या घरात वाढलेले नसून लष्कर, कचेरी व हिंदी बाजार यांच्या वाटेने आलेले मानणे युक्त ठरते. अन्नाचा वाटा, त्या वाट्याबद्दल मिळणारे पैसे, आणि त्या पैशांत येणारे खाणे, असे हे वर्तुळ पूर्ण होते. मजुरी व न्याहारी यांना एकच शब्द असावा, यात त्या खाण्याचा सारा अर्थशास्त्रीय इतिहास आला.

इतर नावे पाहिली असता त्यांचे थर स्पष्ट वेगळे करता येतात. पोहे (पृथुक) व वडा (वटक) ही संस्कृतातून प्राकृतमार्गे आलेली नावे सर्वांत जुनी. जिलेबी ही अरबी 'जलाबिया'ची वंशज, तर समोसा फारसी 'संबोसग'चा. 'नाश्ता' हाही फारसी. त्या भाषेत त्याचा मूळ अर्थ सकाळपासून काही न खाल्लेला, उपाशी, असा आहे. कचोरी उत्तरेची. बनारसीदास या जैन कवीने १६४१ मध्ये पूर्ण केलेल्या 'अर्धकथानक' या आत्मचरित्रात, आग्र्यास पैसे संपले असता आपण कित्येक महिने उधारीवर कचोऱ्या खाल्ल्याचे नमूद केले आहे. म्हणजे ज्या रस्त्याच्या एका बाजूस धुळे आहे, त्याच्या दुसऱ्या टोकाला चारशे वर्षांपूर्वीही गरजवंताचा आधार हाच होता. पाव व बटाटा हे शब्द पोर्तुगीज. मिरची व शेंगदाणा यांची नावे देशी वाटतात, पण ती पिके अमेरिका खंडातून आली. 'भुईमूग' हे नाव परक्या पिकाला ओळखीच्या मुगावरून दिलेले आहे, हे उघड दिसते. शेवटचा थर इंग्रजीचा. रावेर, सावदा, फैजपूर या पट्ट्यात रस्त्याच्या कडेला कढईत तळून देतात ते केळ्याचे काप. केळी येथली, तळणारा येथला, पण नाव 'वेफर'.

आता या नावांची तुलना घरच्या पदार्थांच्या नावांशी करावी. कळण्याची भाकरी, फुणके, बिबडे, डुबुकवडे, पाटोड्या, खापरावरचे मांडे ही घरची नावे होत. ही सर्व मूळची येथलीच असा दावा करता येणार नाही. बट्टी ही माळव्याच्या बाटीची बहीण आहे, आणि मांडे म्हणजे 'मण्डक'. तो बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथातही आलेला आहे. परंतु ही नावे बोलीच्या उच्चारात पूर्ण मुरलेली आहेत. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो व षष्ठीचे प्रत्यय ना-नी-नं असे आहेत. म्हणून घरी 'कयनानी भाकर' व 'वांगानं भरीत' म्हटले जाते, आणि डाळीची 'डाय' होते. ग्रियर्सन यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाषासर्वेक्षणाच्या खंडात खानदेशीचा समावेश भिल्ली बोलींबरोबर केला, त्यामागे गुजरातीशी जुळणारी ही अशीच लक्षणे होती. हाटात मात्र दुकानाच्या फलकावर 'डाळ' व 'कळणा' हीच रूपे लिहिली जातात. जो मनुष्य घरी 'डाय' म्हणतो, तो पैसे देताना 'डाळ' वाचतो. साधारण नियम असा मांडता येईल : चुलीवर होते त्याचे नाव बोलीने ठेवले, आणि पैसे देऊन मिळते त्याचे नाव रस्त्याने ठेवले.

या दोहोंची गाठ जेथे पडते तो पदार्थ म्हणजे शेवभाजी. शेव ही बाजाराची. तिचे नाव गुजराती व हिंदीशी समान असून संस्कृत 'सेविका'पर्यंत मागे जाते. तिला लागणारे हरभऱ्याचे पीठ व तेल हे दोन्ही या भागात मुबलक आहेत. जळगाव हे डाळगिरण्यांचे ठिकाण आहे, आणि १९४५ मध्ये महंमद हाशम प्रेमजी यांनी अंमळनेर येथे वनस्पती तूप व तेलाचा जो कारखाना काढला, त्यातूनच पुढे विप्रो हा उद्योगसमूह उभा राहिला. भाजीचा रस्सा मात्र घरचा : भाजलेला कांदा, सुके खोबरे, काळा मसाला व तिखट यांचा. ऐन उन्हाळ्यात ताजी भाजी मिळत नाही, तेव्हा दुकानातील मूठभर जाड शेव या रश्शात पडली की चार माणसांचे जेवण होते. येथे हाटाचे कोरडे खाणे पुन्हा चुलीपाशी आले, भाकरीशी जोडले गेले, आणि बोलीने त्याला आपला प्रत्यय लावला : 'शेवनी भाजी'. परका शब्द बोलीत स्थायिक झाल्याची हीच खूण होय. रस्त्यावरच्या भोजनालयांतून आज ही भाजी खानदेशचे ओळखपत्र म्हणून वाढली जाते.

याच्या उलट दिशेचा प्रवासही आता घडू लागला आहे. हिवाळ्यात जळगाव शहरात ठिकठिकाणी काड्यांच्या जाळावर वांगी भाजून भरीत विकले जाते, व त्याबरोबर कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या मिळतात. जळगावच्या भरिताच्या वांग्यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. शेतातील खाणे विकतचे झाले, आणि येताना आपले नाव घेऊन आले. मात्र फलकावर ते 'कळणा' म्हणून आले, 'कयना' म्हणून नव्हे. हा भेद क्षुल्लक वाटेल. पण जी बोली पैशाच्या व्यवहारात लिहिली जात नाही, ती हळूहळू केवळ आजीची बोली होऊन बसते. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या ओव्यांनी जळगावकडील घरची बोली साहित्यात मानाने नेली, आणि २०१८ पासून येथील विद्यापीठास त्यांचे नाव आहे. हाटातील फलकावर मात्र ती बोली अद्याप पोहोचलेली नाही.

पदार्थाचे स्वरूप बदलले तरी तो मागे काही काळ चव ठेवून जातो; शब्द गेला तर त्याचा इतिहास पुन्हा मिळविता येत नाही. धुळे व जळगाव येथील विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील वृद्ध स्त्रिया, हाटातील फुटाणेवाले व भजीवाले यांच्याकडून ही नावे, उच्चारांसह व गावाच्या नोंदीसह, टिपून घ्यावीत. त्यास मोठा खर्च लागत नाही. एक वही व पुडीभर भत्ता एवढे साहित्य त्यास पुरेसे आहे.