सातबाऱ्यावरचं नाव

मुंबईचे पारशी भिकाजी बलसारा १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात ‘गोरे’ ठरले, म्हणून अमेरिकेचे नागरिक झाले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘गोरे नाहीत’ म्हणून नाकारलं. मग अनेक भारतीयांचं मिळालेलं नागरिकत्वही गेलं. १९४६ च्या कायद्याने दार उघडलं.

त्याच दाराने यावलचे माझे मामा वीस वर्षांनी तिथले नागरिक झाले. आता कडी आपल्या बाजूला आहे. १९५५ च्या कायद्यानुसार परकं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. ओसीआय कार्डावर येता-जाता येतं. पण मत देता येत नाही, शेतजमीन विकत किंवा बक्षीस घेता येत नाही. वारशाने मात्र मिळते.

आजोबा मला विचारतात, “केळीची बाग त्याच्या नावावर कधी करायची?” कायद्याचं उत्तर सरळ आहे: तुमच्या मागे. ते त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं?