कांचेच्या पेटींतला समुद्र

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून पश्चिमेकडे चालूं लागलें, म्हणजे चर्नी रोडचा पूल ओलांडून थोड्याच वेळांत समुद्र दिसूं लागतो. त्याचा खारा वारा वाडीवाडींतून शिरतो आणि कोळणीच्या टोपलींतून त्याचे मासे दारापर्यंत येतात. समुद्राशीं इतका घरोबा असलेल्या वस्तींतील एखाद्या गृहस्थाच्या मनांत, गोड्या पाण्यांतील सोनेरी मासे बाळगून झाल्यावर, खाऱ्या पाण्याची एक लहानशी पेटी घरीं मांडावी, तींत खडक, पोवळीं आणि रंगीत मासे असावेत, अशी हौस उपजली तर त्यांत नवल नाहीं. पण चौकशीला निघतांच त्याला सांगण्यांत येतें कीं, हा श्रीमंतांचा षोक आहे. सामान्य कुटुंबाचें तें काम नव्हे. या विद्येचा इतिहास पाहिला तर साक्ष निराळी मिळते. समुद्र घरांत आणण्याची किमया ज्यांनीं प्रथम साधली, त्यांच्यापाशीं वीज नव्हती, पंप नव्हता, विकत मिळणारें तयार मीठहि नव्हतें. त्यांच्यापाशीं वेळ होता, आणि पाहत बसण्याची चिकाटी होती. ज्यांच्यापाशीं ती नव्हती, त्यांनीं पेटीहि घालविली आणि समुद्रकिनाराहि.

या इतिहासाच्या आरंभीं दोन स्त्रिया उभ्या आहेत. पहिली जान व्हिलप्र-पॉवर. ही पॅरिसमध्यें कपडे शिवण्याचें काम करणारी फ्रेंच बाई लग्नानंतर सिसिली बेटांतील मेसिना येथें राहावयास गेली. अर्गोनॉट नांवाचा अष्टपादासारखा एक प्राणी आपला नाजुक शिंपला स्वतः तयार करतो, कीं दुसऱ्या कोणाचा बळकावतो, हा वाद त्या काळीं विद्वानांत चालू होता. मेलेल्या प्राण्यावरून त्याचा निकाल लागणें शक्य नव्हतें. तेव्हां या बाईनें १८३२ सालीं कांचेच्या पेट्या करविल्या, त्यांत जिवंत प्राणी ठेवले, आणि शिंपला त्याचा स्वतःचाच असतो हें सिद्ध केलें.

दुसरी बाई लंडनची, ॲना थिन. तिचा पति वेस्टमिन्स्टर ॲबेच्या धर्माधिकाऱ्यांपैकीं एक होता आणि तिचें घर त्या मंदिराच्या आवारांतच होतें. १८४६ सालीं टॉर्की येथील किनाऱ्यावर तिला जिवंत पोवळीं पाहावयास मिळालीं. तीं तिनें एका बरणींत घालून लंडनला आणलीं. वाटेंत हिंदकळून इजा होऊं नये म्हणून सुईदोऱ्यानें स्पंजाला टांकून टाकलीं होतीं. लंडन समुद्रापासून दूर. आणलेलें खारें पाणी संपलें तर दुसरें मिळणें कठीण, आणि तें शिळें झालें तर पोवळीं मरणार. यावर तिनें शोधलेला उपाय कोणत्याहि गृहिणीस सुचावा असा होता. उघड्या खिडकीपाशीं उभें राहून तें पाणी या भांड्यांतून त्या भांड्यांत ओतावयाचें, पुनः त्या भांड्यांतून या भांड्यांत, असें रोज अर्धा-पाऊण तास. हें काम पुष्कळदां घरांतील मोलकरणीकडे येई. चहा निवविण्याच्या आपल्याकडील रीतीहून ही युक्ति फारशी वेगळी नाहीं. ओततांना हवा पाण्यांत मिसळे, एवढेंच तिचें शास्त्र. पुढच्या वर्षीं तिनें समुद्रवनस्पति लागलेले दगड आणवून पाण्यांत ठेवले, आणि मग वनस्पतींनीं प्राणवायूचा भार आपणहून उचलला. तिचा हा समुद्र जवळजवळ तीन वर्षें टिकला. आजच्या पेटींतील हवेचा पंप त्या मोलकरणीचें काम करतो, आणि दिवा लंडनच्या फिक्या उन्हाचें.

रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञानें १८५० सालीं हीच गोष्ट गोड्या पाण्यांत शास्त्राच्या भाषेंत मांडली: मासे, पाणवनस्पति आणि गोगलगाई यांचें प्रमाण जमलें तर पाणी बदलावें लागत नाहीं. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यगृह उघडलें, आणि दुसऱ्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस याचें मत्स्यालयावरील पुस्तक प्रसिद्ध झालें. त्या पुस्तकानें इंग्लंडला वेड लावलें. आगगाड्या नव्यानेंच किनाऱ्यापर्यंत पोहोंचल्या होत्या. सुटीच्या दिवशीं माणसें हातोडी, छिनी व बरण्या घेऊन ओहोटीच्या खडकांवर तुटून पडत आणि जें दिसेल तें उपटून घरीं नेत. घरीं नेलेलें बहुतेक सारें आठवड्याभरांत कुजे. मग पुढच्या सुटींत पुनः बरण्या निघत. गॉसचा मुलगा एडमंड यानें १९०७ सालीं लिहिलेल्या आत्मचरित्रांत, लहानपणीं वडिलांबरोबर पाहिलेलीं तीं खडकांतलीं डबकीं कशीं उजाड झालीं याबद्दल खेद केला आहे. आणि त्या नाशास आपल्या बापाचीं पुस्तकेंच कारण झालीं, हेंहि त्यानें लपविलेलें नाहीं. समुद्रावर प्रेम करावयास शिकविणारा माणूस समुद्र लुटला जाण्यास कारण व्हावा, ही या छंदाची जुनी जखम आहे.

आतां पाण्याचा प्रश्न. ठाकूरद्वारच्या माणसाला वाटेल कीं, चौपाटी हाकेच्या अंतरावर असतां मीठ विकत कशाला घ्यावयाचें? पण किनाऱ्यालगतचें पाणी गढूळ. त्यांत शहराचें सांडपाणी मिसळतें, आणि पावसाळ्याचे चार महिने तें इतकें पातळ होतें कीं त्याच्या खारेपणाचा भरवंसा राहात नाहीं. मग बाजारचें मीठ घरच्या पाण्यांत विरघळवावें, तर तेंहि चालत नाहीं. याचें कारण वडाळ्या-भांडुपकडची मिठागरें ज्यानें पाहिलीं आहेत त्याला लगेच उमजेल. खाचरांत समुद्राचें पाणी आटूं लागलें म्हणजे चुन्याचा अंश आधीं खालीं बसतो, मग खाण्याचें मीठ कणीदार होऊन सुटतें, आणि शेवटीं जें कडू पाणी उरतें त्यांत मॅग्नेशियमचे क्षार राहून जातात. मिठागरवाला तें कडू पाणी टाकून देतो, कारण तें जिभेला नको असतें. पण माशाला आणि पोवळ्याला नेमकें तेंहि हवें असतें. समुद्रांतून मीठ काढतां येतें, पण त्या मिठापासून पुनः समुद्र करतां येत नाहीं.

गॉसला हें ठाऊक होतें. त्यानें १८५४ सालीं खाण्याचें मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड असे चार क्षार मोजून मिसळले व त्यांत प्राणी जगवून दाखविले. पुढें ‘चॅलेंजर’ या जहाजानें १८७२ ते १८७६ या काळांत जगभरच्या समुद्रांतून पाणी गोळा केलें. त्यांतील ७७ नमुन्यांचें पृथक्करण करून विल्यम डिटमार यानें १८८४ सालीं दाखविलें कीं, खारेपणा कमीजास्त असला तरी मुख्य क्षारांचें परस्परांशीं प्रमाण सर्वत्र जवळजवळ सारखेंच असतें. डब्यांतून मिळणारें मत्स्यालयाचें मीठ याच शोधावर उभें आहे, आणि तेथें काटकसर करणें हा खोटा हिशेब होय. खरा हिशेब मुळांत जड नाहीं. एका लिटरला सुमारें ३५ ग्रॅम धरले तर ६० लिटरच्या पेटीस आरंभीं सवादोन किलोच्या आंत मीठ लागतें. पुढें दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदललें, तर वर्षाला अकरा किलो. रोज उडून जाणारी वाफ मात्र केवळ पाण्याची असते, मीठ मागें राहतें. म्हणून ती तूट साध्या शुद्ध पाण्यानें भरावयाची, खाऱ्या पाण्यानें नव्हे. हा एक नियम न कळल्यामुळें कितीतरी पेट्या हळूहळू लोणच्याच्या बरण्या झाल्या आहेत.

व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या त्या पेट्या आठवड्याभरांत कां कुजत, याचें उत्तर मात्र गॉसपाशींहि नव्हतें. तें १८९० सालीं सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाच्या कामानें हातीं आलें. माशाच्या मलमूत्रांतून निघणारा अमोनिया विषारी असतो. एका जातीचे जंतु त्याचें नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटाचें नायट्रेट, आणि हें शेवटचें बरेंच सौम्य असतें. हे जंतु दगडाच्या व वाळूच्या पृष्ठावर वस्ती करतात. पण वस्ती वसावयास चार ते सहा आठवडे लागतात. त्यापूर्वीं मासे सोडणें म्हणजे मोरी नसलेल्या घरांत बिऱ्हाड करणें. तीच मोरी वसविण्यासाठीं पेटींत चिमूटभर खाद्य कुजूं द्यावें, अमोनिया व नायट्राइट हीं दोन्ही चढून पुनः शून्यावर आल्याचें रंगपरीक्षेनें पाहावें, आणि तोंवर कांचेमागें नुसते दगड पाहत बसावें. या सगळ्या छंदांतली ही सर्वांत स्वस्त पायरी, आणि बहुतेक माणसें हिलाच चुकतात.

हें ज्ञान साध्या घरांत उतरविण्याचें श्रेय बरेचसें जकार्ताच्या ली चिन एंग याचें आहे. १९६१ सालीं एका अमेरिकन मासिकांत त्यानें आपली रीत सांगितली: समुद्रांतले जिवंत दगड, स्वच्छ पाणी, हवेचा मंद बुडबुडा, आणि ऊन. मोठीं गाळणयंत्रें त्यानें बाजूला ठेवलीं, कारण सच्छिद्र दगड हेंच त्याचें गाळणयंत्र होतें. दगडाच्या बाहेरच्या अंगावर अमोनियाचा निचरा होई. आंतल्या, प्राणवायु कमी असलेल्या छिद्रांत नायट्रेटाचाहि वायु होऊन जाई. श्रीमंत देशांतील छंदिष्टांनीं ही गोष्ट मनावर घ्यावयास आणखी वीस-पंचवीस वर्षें घेतलीं. जकार्ताची हवा मुंबईसारखीच दमट व उष्ण आहे, हें इकडच्या माणसानें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

भारतांत समुद्र कांचेमागें प्रथम आला तो मद्रासेस, १९०९ सालीं. मुंबईला त्यानंतर चार दशकें वाट पाहावी लागली. मरीन ड्राइव्हवर, ठाकूरद्वारच्या मुलांना पायीं जातां येईल इतक्या जवळ, तारापोरवाला मत्स्यालय १९५१ च्या मे महिन्यांत राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें उघडलें. खर्च सुमारें आठ लाख रुपये. पैकीं दोन लाख तारापोरवाला या पारशी दात्यांचे. गिरगांवच्या कितीएक पिढ्यांनीं समुद्रकासव आणि विषारी काट्यांचा सिंहमासा पहिल्यानें तेथेंच पाहिला. २०१५ सालीं नूतनीकरण होऊन त्यांत पारदर्शक बोगदाहि आला; २०२० सालीं साथीच्या दिवसांत त्याचीं दारें बंद झालीं. घरच्या पेटीची हौस ज्यांना आहे त्यांतल्या अनेकांचें मूळ या एका इमारतींत सांपडेल.

अशा घरीं पेटी मांडतांना पहिला विचार जमिनीचा करावा लागतो. गिरगांवांतील जुन्या चाळींच्या तक्तपोशी लांकडी तुळयांवर आहेत. ६० लिटर पाणी, दगड, वाळू व कांच मिळून भार ऐंशी-नव्वद किलोवर जातो, म्हणून पेटी खोलीच्या मध्यावर न ठेवतां भिंतीलगत, तुळयांना आडवी ठेवलेली बरी. आकार मात्र याहून फार लहान करूं नये. वीस लिटरची पेटी विकत घेतांना स्वस्त पडते, पण थोड्या पाण्यांत प्रत्येक चूक चौपट होते. एक मेलेली गोगलगाय रात्रींतून सगळें पाणी नासवूं शकते. दुसरा विचार उन्हाळ्याचा. मासे २५ ते २८ अंशांत सुखी असतात आणि मे महिन्यांत खोली त्याच्या वर जाते. पाणी गार करणारें यंत्र हा सर्व सामानांत महाग जिन्नस. पेटीवर रोखलेला लहान पंखा वाफेच्या योगें दोनएक अंश उतरवितो. मात्र पावसाच्या तोंडावर हवा दमट झाली कीं त्याचा गुण कमी होतो. सोनेरी-पांढऱ्या विदूषक माशांची जोडी हा उकाडा बराच सोसते, पोवळें सोसत नाहीं.

आणि पोवळ्याची गोष्ट येथेंच वेगळी होते. खडक बांधणारीं पोवळीं २००१ सालीं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत घेतलीं गेलीं. वाघाला जें संरक्षण, तेंच त्यांना. त्यांचे जिवंत दगड समुद्रांतून उचलणें हा अपराध आहे. लीची रीत येथें जशीच्या तशी चालणार नाहीं, पण तिचा गाभा चालतो: कोरडा सच्छिद्र दगड किंवा सिमेंटाचा घडविलेला खडक घ्यावा आणि जंतूंची वस्ती त्यावर घरींच होऊं द्यावी. महिने जास्त लागतात, पैसे कमी. मासेहि समुद्रांतून पकडलेले घेऊं नयेत. विदूषक माशांची पैदास टाकींत करण्याचा धंदा फ्लोरिडांत मार्टिन मो यानें १९७० नंतरच्या दशकांत बसविला, आणि आपल्याकडेहि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रांत तें काम झालें आहे. टाकींत जन्मलेला मासा पेटीच्या आयुष्याला सरावलेला असतो, तयार खाद्य खातो आणि अधिक जगतो.

पोवळें पाहण्याचीच ओढ असेल तर त्यालाहि दूर जावें लागत नाहीं. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर तीं अजून आहेत. किनारामार्गाच्या कामासाठीं २०२० सालीं हाजी अली व वरळी येथून प्रवाळांच्या १८ वसाहती शास्त्रज्ञांच्या देखरेखीखालीं उचलून दुसऱ्या जागीं लावाव्या लागल्या, तेव्हां अनेक मुंबईकरांना तीं येथें असल्याचें प्रथम कळलें. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला, २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी लोकांना अशा खडकांवर नेऊन तेथील प्राणी दाखवीत आली आहेत. जातांना हातांत बरणी नसते. वाळूवरून वांकून पाहावयाचें, दगड उलटला तर पुनः होता तसा ठेवावयाचा, आणि भरतीचें पाणी घोट्याला लागलें कीं परतावयाचें.