सांकलिया, हसमुख धीरजलाल
(१० डिसेंबर १९०८–२८ जानेवारी १९८९). भारतीय प्रागितिहासाचा पाया शास्त्रशुद्ध उत्खननांवर उभारणारे पुरातत्त्वज्ञ. जन्म मुंबईत. लंडन विद्यापीठातून पीएच.डी. (१९३६), त्याच काळात मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली मेडन कॅसल येथे उत्खननाचे प्रशिक्षण. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक.

गुजरातेतील लांघणज येथे इरावती कर्वे (पहा: कर्वे, इरावती) यांच्यासह केलेल्या उत्खननात सूक्ष्मास्त्रे, मानवी सांगाडे आणि गेंड्याचे खांद्याचे हाड मिळाले, शिकारी-संग्राहकांच्या जीवनाचा तो ठोस पुरावा ठरला. नाशिकजवळ गंगापूर येथे गोदावरीकाठी पुराश्मयुगीन हत्यारे सापडली. जोर्वे (१९५०-५१), नेवासे व नावडातोली येथील उत्खननांतून दख्खन व माळव्यातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची घरे, पिके व भांडी उजेडात आली. लाल पृष्ठावर काळी नक्षी असलेल्या भांड्यांच्या संस्कृतीला जोर्वे हे नाव मिळाले (पहा: इनामगाव). प्राचीन अवशेषांचा अर्थ लावताना आजच्या आदिवासींच्या वस्त्या व हत्यारे अभ्यासण्याचा त्यांचा आग्रह होता. सातवाहनपूर्व महाराष्ट्राची सलग रूपरेषा मुख्यतः या कामामुळे मांडता आली. पद्मभूषण, १९७४.