खडी, चिखल आणि सायकल

हिवाळ्यात डांबरी सडक आणि रानवाट या दोहोंवरून निर्धास्तपणे नेता येईल अशी एकच सायकल हवी, ही मागणी अगदी अलीकडची असून तिच्या पूर्तीसाठी अवतरलेली ग्रॅव्हल बाइक ही आपल्या शतकाची नवनिर्मिती होय, असा जो समज रूढ झाला आहे, तो इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. डांबरमिश्रित खडीच्या रस्त्याचे पेटंट एडगर हूली याने इंग्लंडात 1902 मध्ये घेतले. तत्पूर्वी, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, तेथील थोरले रस्ते मॅकअॅडमच्या पद्धतीने दाबलेल्या खडीचेच असत, उन्हाळ्यात धुळीने भरलेले आणि हिवाळ्यात राडीने माखलेले. 1888 मध्ये बेलफास्ट येथे डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेले टायर चढविले, तेही खडबडीत जमिनीचा जाच कमी व्हावा म्हणूनच. सडकेची सायकल निराळी आणि रानातली निराळी, हा भेद पुढे शर्यतींनी आणि गुळगुळीत डांबराने पाडला.

या भेदाला ज्यांनी मनापासून विरोध केला, त्यांत सेंत-एतिएनच्या पॉल द व्हीव्ही यांचे स्थान मोठे आहे. रेशमाचा व्यापार सोडून सायकलींच्या धंद्यात पडलेल्या आणि 1887 मध्ये सायकलस्वारांसाठी नियतकालिक सुरू करणाऱ्या या गृहस्थांनी ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने आयुष्यभर एकच गोष्ट निष्ठेने सांगितली, ती अशी की दूरच्या डोंगराळ प्रवासाला एकाहून अधिक गिअर आणि जाड टायर असलेली सायकलच योग्य. टूर द फ्रान्सच्या आयोजकांनी मात्र चालत्या सायकलीचे गिअर बदलणाऱ्या यंत्रास 1937 पर्यंत मज्जाव केला होता. शर्यतीचा असा अंमल बाजारावर किती काळ चालतो, याचा हा ठळक दाखला आहे.

इंग्लंडात याच वृत्तीचा पुरस्कार ‘वेफेअरर’ या नावाने लिहिणाऱ्या डब्ल्यू. एम. रॉबिन्सन यांनी केला. महायुद्ध संपून चार-पाच महिने लोटले असता, 1919 च्या मार्चमध्ये, ते सोबत्यांसह वेल्समधील बर्विन पर्वताच्या माथ्यावरून जाणाऱ्या वाटेने निघाले. वाट बर्फाखाली गडप झालेली, चाक फिरणे दुरापास्त, आणि सायकल बहुतांशी ढकलीत न्यावयाची. तथापि त्यांनी ‘सायकलिंग’ या साप्ताहिकात या प्रवासाचे जे वर्णन लिहिले, त्यात गाऱ्हाण्याचा सूर नव्हता. जेथे रस्ता संपतो तेथे सायकलस्वाराचा मुलूख संपत नाही, ही त्यांची श्रद्धा होती, आणि तिने एका पिढीला घराबाहेर काढले. 1955 मध्ये लेमिन्स्टर गावी ‘रफ-स्टफ फेलोशिप’ ही रानवाटांच्या सायकलस्वारांची मंडळी स्थापन झाली, आणि रॉबिन्सन यांच्या निधनानंतर 1957 मध्ये तिच्या सभासदांनी बर्विनच्या त्याच वाटेवर त्यांचे स्मारक उभारले. अशा वाटांवर नेण्यासाठी खास घडविलेली सायकल तेव्हा बाजारात नव्हती; नित्याच्या प्रवासी सायकलीवरच हे सारे चालले होते, हे मला विशेष आदरास पात्र वाटते.

हिवाळी चिखलाची एक शर्यतही होती. सायक्लोक्रॉसचे पहिले फ्रेंच अजिंक्यपद 1902 मध्ये झाले. परंतु तासाभराच्या धावपळीसाठी बेतलेली या शर्यतीची सायकल दिवसभराच्या प्रवासास सोयीची नाही. तिच्या टायरची रुंदी स्पर्धेच्या नियमाने 33 मिलीमीटरवर रोखलेली आणि मडगार्ड लावण्याची तजवीज बहुधा नसलेली. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, फ्लिंट हिल्सच्या गारगोटीच्या वाटांवर, 2006 पासून 200 मैलांची शर्यत सुरू झाली, तेव्हा कारखानदारांना याहून लांब, स्थिर व रुंद टायरांच्या सायकलीची गरज उमजू लागली.

म्हणून निवड करताना, माझ्या मते, चौकटीचे वजन आणि रंग यांपूर्वी टायरभोवतालची मोकळी जागा पाहावी. मडगार्ड बसवूनही 35 मिलीमीटरचे टायर विनासायास फिरले पाहिजे, कारण चिखलाला वाट न मिळाल्यास चाक अडते. सर्वांत लहान गिअरात पुढच्या चक्राचे दाते मागच्यापेक्षा कमी असावेत, म्हणजे ओल्या चढावर बसल्या जागी पेडल मारता येते. ब्रेक डिस्कचेच घ्यावेत. रिमवर घासणारे ब्रेक रेतीमिश्रित राडीत रिमच झिजवितात. शिवाय डिस्कमुळे ब्रेकचा संबंध रिमच्या व्यासाशी राहत नाही, आणि चौकटीत जागा असल्यास 622 मिलीमीटरची चाके उतरवून फ्रेंच प्रवाशांच्या आवडत्या 584 मिलीमीटरच्या मापाची, अधिक जाड टायरांची चाके त्याच सायकलीवर चढविता येतात. ज्यास एकाच सायकलीवर आठवडाभर कचेरीस आणि रविवारी रानात जावयाचे आहे, त्याने चाकांची ही दुसरी जोडी अवश्य घ्यावी.